जाऊबाईंना डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल, काय करावं? (नाशिक / निफाड)

पिंपळगावची_सून

नमस्कार. मी इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, जरा लांबलं तर समजून घ्या. आमचं घर पिंपळगाव बसवंतच्या बाजूला मळ्यात, मी आणि मिस्टर नोकरीमुळे सिडकोत राहतो, बाकी सगळे तिकडेच. माझ्या मोठ्या जाऊबाई ४१ वर्षांच्या आहेत, अठराव्या वर्षी लग्न, तीन मुलं. वर्षभरापासून त्यांना अंगावरून पांढरं जातंय आणि कंबर दुखते. तालुक्याला एका प्रायव्हेट डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले पिशवीला सूज आहे, तोंडाशी जखम आहे, आज ना उद्या याचा कॅन्सर होणार, मुलं तर झालीयेत मग ठेवून काय करायची, काढून टाका. ऑपरेशनचं पॅकेज पण सांगून टाकलं लगेच.

आता घरात सगळ्यांचं ठरल्यात जमा आहे. मोठे दीर म्हणतात द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकून घेऊ, नंतर बागेतून डोकं वर काढता येत नाही. सासूबाई म्हणतात त्यात काय, आपल्या गल्लीत निम्म्या बायकांनी काढलीये. आणि जाऊबाई स्वतः म्हणतात एकदाची काढली की कटकट मिटेल. मला एकटीलाच ते पटत नाहीये, कारण आमच्या कंपनीत मागे हेल्थ कॅम्प झाला होता तेव्हा एक मॅडम पॅप टेस्टबद्दल सांगत होत्या की कॅन्सर व्हायच्या आधीच कळतं म्हणून. यांनी तर अशी कुठलीच टेस्ट सांगितली नाही. सोनोग्राफीत कॅन्सर दिसतो का? पॅप टेस्ट नाशिकमध्ये कुठे करतात, दुखतं का, आणि घरच्यांना काय सांगू? मी धाकटी आहे त्यामुळे माझं फार कोणी ऐकत नाही ते वेगळंच.

निवृत्त_सिस्टर_पंचवटी

अगं बाई, आधी ती ऑपरेशनची तारीख पुढे ढकला. चार आठवड्यांनी काही बिघडत नाही.

मी पूर्ण नोकरी सरकारी दवाखान्यात काढली, पेठ सुरगाण्यापासून निफाडपर्यंत, आणि हे "पिशवीच्या तोंडाला जखम" मी इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नकोस. बहुतेक वेळा ती जखम म्हणजे आतली लालसर त्वचा जरा बाहेर आलेली असते, कित्येक बायकांना असते, तो कॅन्सर नाही आणि तेवढ्यावरून कॅन्सर होतो असंही नाही. पांढरं जाणं हे शंभरातल्या बहुतेक जणींचं साधं इन्फेक्शन असतं, गोळ्या आणि आत ठेवायच्या औषधाने बरं होतं, आणि कधीकधी नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, तो भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही कारण नवरा दवाखान्यात येतच नाही. कंबरदुखीचं तर काय, द्राक्षाच्या बागेत दिवसभर वाकून आणि हात वर करून काम करणाऱ्या बाईची कंबर नाही दुखली तरच नवल.

तपासणी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पण होते. ३० वर्षांवरच्या बायकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड अशी तिन्हीची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, मोफत. आशाताईला गाठ, ती सांगेल कोणत्या दिवशी असते. तिथे पॅप नसते शक्यतो, व्हीआयए करतात. म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच अ‍ॅसिड पातळ करून कापसाने पिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि उजेडात बघायचं, पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवायचं. रिझल्ट तिथल्या तिथे. पॅप करायची असेल तर नाशिकला सिव्हिलला या, त्र्यंबक रोडला, स्त्रीरोग ओपीडीत. आणि जाऊबाई मशेरी लावत असतील तर तोंडाची तपासणी नक्की करून घे, लाजू नका.

देवळाली_कॅम्प_७८

मी माझा अनुभव सांगते कारण मला काहीच त्रास नव्हता. ना पांढरं ना लाल ना कंबर. मैत्रीण जात होती म्हणून सोबत गेले आणि डॉक्टर म्हणाल्या आलाच आहात तर तुमची पण करू. तिची नॉर्मल आली, माझी एचएसआयएल आली, म्हणजे पेशींमध्ये जास्त बदल. मी तर रिपोर्ट वाचून घरी मृत्युपत्राच्या गोष्टी करायला लागले होते, मिस्टर वैतागले. मग कॉल्पोस्कोपी केली, म्हणजे दुर्बिणीतून बघतात, तुकडा तपासला, सीआयएन ३ आलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की हा कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीची पायरी आहे, आणि तेवढाच भाग लीप करून, म्हणजे विजेच्या बारीक तारेच्या कडीने, काढला. भूल देऊन, त्याच दिवशी घरी. पिशवी जागेवर आहे. आता दर काही महिन्यांनी बोलावलंय बघायला.

पॅप दुखते का विचारलंस म्हणून, दुखत नाही, विचित्र वाटतं. एक चिमट्यासारखं साधन आत घालून जागा मोकळी करतात आणि छोट्या ब्रशने पेशी घेतात, कपडे काढायला जास्त वेळ लागतो. ढिलं सोडलं अंग की त्रास कमी. लेडी डॉक्टर हव्या म्हणून आधीच सांगायचं, त्यात काही चूक नाही.

डॉ_स्त्रीरोग_नाशिक

सिस्टरांनी बरंचसं सांगितलंय, मी फक्त वैद्यकीय भाग जरा नीट करते. पेशंट न बघता मी निदान करणार नाही, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं देता येतील.

सोनोग्राफीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची आधीची अवस्था दिसत नाही. अजिबात नाही. सुरुवातीचा कॅन्सरही सुटू शकतो. सोनोग्राफी गाठी, पिशवीच्या अस्तराची जाडी, अंडाशय यासाठी. त्यामुळे सोनोग्राफी नॉर्मल म्हणून निर्धास्त होणं चूक आणि सोनोग्राफीत "बल्की युटेरस" (पिशवी जरा मोठी) लिहिलंय म्हणून कॅन्सरची भीती घालणं तर त्याहून चूक.

हा कॅन्सर जवळपास सगळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, त्यातही १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून साधारण ७० टक्के. विषाणू लैंगिक संबंधातून येतो आणि लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी येऊन जातो, त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही हे कृपया घरात सांगा. बहुतेक जणींमध्ये तो वर्षा-दोन वर्षांत शरीर स्वतःच घालवतं. काही थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि मग पेशी हळूहळू बदलायला लागतात, आणि हे बदल ते कॅन्सर या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्ही असेल, तर ५ ते १०. एवढा मोठा काळ हातात असतो म्हणून तर तपासणीचा उपयोग. दुसऱ्या फार थोड्या कॅन्सरमध्ये ही सोय आहे.

आता मुद्द्याचं. समजा दुर्दैवाने खरंच कॅन्सर असला, तर साधी पिशवी काढणं हा त्याचा उपचार नाही. त्यासाठी आजूबाजूचा भाग आणि लिम्फ नोड्ससकट मोठं ऑपरेशन लागतं, किंवा आजार पुढे गेला असेल तर रेडिएशन आणि सोबत किमो. आधी न तपासता साधं ऑपरेशन करून टाकलं आणि नंतर पॅथॉलॉजीत कॅन्सर निघाला तर पुढचे उपचार किचकट होऊन बसतात. आणि कॅन्सर नसला तर पांढऱ्या पाण्यासाठी पिशवी काढायचं कारणच नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी टेस्ट आधी. त्यात पिशवीसोबत अंडाशयही काढले तर ४१ व्या वर्षीच रजोनिवृत्ती, मग हाडं ठिसूळ होणं आणि हृदयाचे प्रश्न लवकर मागे लागतात. मोठ्या दिरांना सांगा, ऑपरेशननंतरही महिना-दीड महिना जड काम नाही, छाटणी तशीही चुकणारच.

टेस्टला जाताना पाळी संपून काही दिवस झालेले असावेत, आणि आधीचे दोन दिवस आत औषध ठेवायचं नाही, संबंध नाहीत, आतून धुणं नाही. ३० नंतर शक्य असेल तर एचपीव्ही टेस्ट सर्वात चांगली, निगेटिव्ह आली तर पाच वर्षं बघायला नको. नुसती पॅप असेल तर दर तीन वर्षांनी.

आणि एक विचारायचं राहिलं, संबंधानंतर रक्त जातं का, पाळीच्या मधे डाग पडतो का, पांढऱ्याला घाण वास किंवा लालसर रंग आहे का? यातलं काही असेल तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

गोदाकाठचा_माणूस

सगळा धंदा आहे हो. आधी पिशवी काढायचा धंदा, आता टेस्टचा धंदा आणि मग लसीचा. धडधाकट बायकांना पकडून टेस्ट करायच्या म्हणजे काहीतरी निघणारच. आमच्या आजीने ९० वर्षं काढली, कसली पॅप नि कसलं काय. २०२४ मध्ये ती पूनम पांडे मेल्याचं नाटक केलं ते पण याच कॅन्सरच्या नावाने, दुसऱ्या दिवशी जिवंत. यावरून समजा.

निवृत्त_सिस्टर_पंचवटी

भाऊ, तुमची आजी ९० वर्षं जगली त्याचा आनंदच आहे. पण मी ज्या बायका पाहिल्यात त्या पन्नाशी पण गाठत नव्हत्या, आणि त्या यायच्या कधी, तर पाण्याचा वास इतका की घरातले वेगळं अंथरूण टाकायला लागले की मग. तोपर्यंत किडनीच्या नळीवर दाब आलेला असायचा. ते नाटक वाईटच होतं, मलाही राग आला, पण नटीने नाटक केलं म्हणून आजार खोटा होत नाही.

डॉ_स्त्रीरोग_नाशिक

धंद्याचा संशय घेणं योग्यच आहे, म्हणून सरकारी आणि ट्रस्टच्या संशोधनाकडे बघा. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताचं धाराशिव, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने आणि टाटा मेमोरियलने मिळून खेड्यापाड्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच! दुसरा मुंबईच्या वस्त्यांमधला टाटाचा अभ्यास, दीड लाख बायका, तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या तर शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या, हेच व्हिनेगरवालं तंत्र, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. जगभर ज्या अभ्यासांचे दाखले देतात ते आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांवर झालेत आणि आपल्याच गावात माहीत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. २०२२ च्या जागतिक आकडेवारीनुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या वर नवीन केसेस आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू.

उलट खरा धंदा कुठे आहे ते २०१९ ला बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या प्रकरणात दिसलं. नीलम गोऱ्हेंच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत १३ हजारांहून जास्त बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. मुकादमाला पाळीची सुट्टी नको आणि डॉक्टरला बिल हवं, मधे कॅन्सरची भीती. एवढ्याशा टेस्टने कोणी बंगला बांधत नाही हो.

सातपूर_एमआयडीसी

प्रश्न बरोबर आहे का माहीत नाही पण विचारतो. विषाणू पुरुषाकडून जातो तर पुरुषांची टेस्ट का नाही करत? आमच्या घरी मिसेसला पॉझिटिव्ह आलं तेव्हापासून दोघांत जरा ताण आहे, ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.

डॉ_स्त्रीरोग_नाशिक

पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, त्यांना बहुतेक वेळा काही लक्षणही नसतं. आणि एचपीव्ही शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहून मग टेस्टमध्ये दिसू शकतो, त्यामुळे आज पॉझिटिव्ह आलं म्हणजे हल्ली काही झालं असा अर्थ निघतच नाही. दोघांनी एकमेकांकडे बघणं बंद करून मिसेसच्या पुढच्या तपासणीची तारीख बघा. सिगारेट ओढत असाल तर घरात तरी बंद करा.

पिंपळगावची_सून

सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देते. घरात मी बोलले असते तर कोणी ऐकलं नसतं म्हणून डॉक्टर मॅडमचा तो साध्या ऑपरेशनने कॅन्सर बरा होत नाही आणि महिना-दीड महिना काम नाही हा भाग मिस्टरांना दिरांसमोर वाचून दाखवायला लावला. दीर गप्प झाले. जाऊबाईंना विचारलं तर रक्त वगैरे कधी गेलं नाही म्हणतात. त्यांना माझ्याकडे आणलं चार दिवस आणि नाशिकला पॅप केली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी बघून सांगितलं इन्फेक्शन आहे, सात दिवसांचं औषध दिलं, दिरांना पण दिलं (त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता). रिपोर्ट आलाय, त्यात एनआयएलएम, इन्फ्लमेटरी स्मिअर असं लिहिलंय. मी नेटवर बघितलं नाही, इथेच विचारते. आणि त्यांची मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला लस द्यावी का?

अजून एक. आम्ही हे सगळं बोलत होतो तेव्हा सासूबाई चहा गाळत होत्या, त्या सहज म्हणाल्या की मला पण मधे दोनदा लाल गेलं होतं, उष्णतेने असेल, सब्जा घेतला, थांबलं. त्यांचं वय ६२ आहे, पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली. त्यांची पण पॅप करून घेऊ का जाऊबाईंबरोबर पुढच्या वेळी?

डॉ_स्त्रीरोग_नाशिक

सासूबाईंचं आधी. पुढच्या वेळी नाही, याच आठवड्यात. पाळी पूर्ण गेल्यावर एकदा जरी रक्त गेलं तरी ते तपासायचंच असतं, ते थांबलं म्हणून सोडायचं नाही. बऱ्याच वेळा कारण साधं निघतं, कोरडेपणा किंवा छोटा मोड, पण पिशवीच्या तोंडाचा किंवा अस्तराचा कॅन्सर नाही ना हे बघितल्याशिवाय ते साधं आहे असं म्हणता येत नाही. आणि त्यांच्यासाठी नुसती पॅप पुरणार नाही, आतून तपासणी, अस्तराची जाडी बघायला आतून केलेली सोनोग्राफी आणि गरज वाटली तर तुकडा घेऊन तपासणी. आरोग्य केंद्रातली व्हिनेगरची टेस्ट या वयात नको, जो भाग बघायचा तो पाळी गेल्यावर आत सरकलेला असतो, नीट दिसत नाही. सब्जा बंद करायची गरज नाही पण त्याच्या भरवशावर राहू नका.

जाऊबाईंचा रिपोर्ट चांगला आहे. एनआयएलएम म्हणजे कॅन्सर किंवा आधीच्या अवस्थेच्या पेशी दिसल्या नाहीत. इन्फ्लमेटरी म्हणजे सूज, ती इन्फेक्शनची. औषध पूर्ण घ्या, तीन वर्षांनी परत पॅप, तारीख कॅलेंडरवर नाही राहणार म्हणून फाईलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहा. पिशवी जिथे आहे तिथे राहू द्या.

मुलीला लस जरूर द्या, हेच वय योग्य. ९ ते १४ मध्ये दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, १५ पूर्ण झाली की तीन लागतात. पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक आहे, ती २०२३ मध्ये बाजारात आली तेव्हा प्रायव्हेटला दोन हजारच्या आसपास एक डोस होता, परदेशी लशींपेक्षा बरीच स्वस्त. सरकारी मोफत डोसचं आशाताईंना विचारून घ्या. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी सुटत नाही, लशीत सगळे प्रकार येत नाहीत.

पिंपळगावची_सून

मिस्टरांना सांगितलं, ते उद्या सुट्टी टाकून आणायला जातायत. सासूबाई येणार नाही म्हणतायत, म्हणतात या वयात कुठे कोणासमोर असं झोपायचं. सिस्टर तुम्ही सांगा ना काहीतरी. आणि सोबत काय न्यायचं?

निवृत्त_सिस्टर_पंचवटी

त्यांना तपासणीचं सांगूच नका आधी. म्हणा नातीच्या लशीचं विचारायला जायचंय, तुम्ही पण चला, बीपी पण बघून घेऊ. तिथे गेल्यावर मोठ्या वयाची सिस्टर गाठ आणि तिच्या कानात सांग, ती बरोबर बोलते त्यांच्याशी, आमचं कामच ते. तू आत सोबत थांब, लेकाला बाहेर बसव.

सिव्हिलला जाणार असाल तर सकाळी लवकर पोच, केसपेपरची लाईन मोठी असते. आधार आणि रेशनकार्ड दोन्ही ने, पिवळं केशरी जे असेल ते, पुढे काही निघालंच तर महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात आणि शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात पाठवलं तरी तेच कागद लागतात. बीपी-शुगरच्या गोळ्या नेहमीसारख्या घेऊ देत, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ती पट्टी सोबत ने आणि डॉक्टरांना दाखव. शेवटचं लाल कधी गेलं, किती गेलं, डाग होता की पॅड लागलं, हे आज रात्रीच विचारून लिहून ठेव, तिथे गेल्यावर त्या काही नव्हतं म्हणतील.

साडी नेसून येऊ दे त्यांना, गाऊनपेक्षा बरं पडतं. काय झालं ते इथे कळव.